गरम पाण्याची बादली

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीला सुटली. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण कधी कोणाच्या हाती लागली तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमचे अण्णा तालुक्याच्या ठाण्यात हवालदार होते. रिटायर झाल्यावर संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक केस सांगायचे. नाव कोणाचंच घ्यायचे नाहीत. आधी खबर कशी लागली, मग पंचनामा, मग जबाब, मग धागा कसा हाती आला, आणि शेवटी आपण काय शिकलो. लिहायची दुसरी पद्धत मला माहीत नाही, म्हणून मीही तशीच लिहिते. फरक एवढाच, की अण्णा तपास करणारे होते. माझ्या या केसमध्ये संशय माझ्यावर होता.

तो हिवाळा अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. इंग्लंडच्या पेपरांत तेव्हा हॉस्पिटलमधल्या जंतूंच्या बातम्या सारख्या यायच्या. आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहायचो. तिथून ट्रेन आणि पुढे बस, असं करून मी एका हॉस्पिटलात कामाला जायचे. साफसफाई करणाऱ्या बायकांना तिथे डोमेस्टिक म्हणतात. आम्ही हॉस्पिटलच्या नोकर नव्हतो, कंत्राटाच्या कंपनीच्या होतो. माझा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, म्हाताऱ्या माणसांचा. त्याला दोन बाजू. खिडकीकडची बाजू माझी आणि राजकोटच्या एका बाईची. आम्ही एकमेकींना बेन म्हणायचो. लिफ्टकडची बाजू एका साठीच्या गोऱ्या बाईकडे होती.

सकाळी सातला ड्यूटी सुरू. एप्रन, ग्लोव्हज, मग बादली आणि मॉप. मॉपला रंग ठरलेले होते. लाल संडासाला, निळा वॉर्डला, हिरवा किचनला, पिवळा साइड रूमला. साइड रूम म्हणजे ज्यांचा आजार दुसऱ्याला लागेल त्यांची वेगळी खोली. मला ते रंग आवडायचे. त्यांना वाचावं लागत नाही.

वाचावं लागायचं ते गोळ्यांच्या डब्यावर. क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या असायच्या, पाण्यात टाकून त्या पाण्याने पलंगाचे गज, खुर्च्या, संडास पुसायचे. डब्यावर बारीक इंग्रजी. पहिल्या दिवशी सुपरवायझरने बादलीतल्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं, एवढं पाणी, एवढ्या गोळ्या. पाणी गार की गरम हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं? आमच्या घरी कोणाला टायफॉइड झाला की आई त्याची ताटवाटी, त्याची चादर, सगळं कढत पाण्यात घालायची. जंतू कढत पाण्याने मरतात हे मला बाराखडीच्या आधी कळलेलं होतं.

भांडी धुवायच्या खोलीत, जिथे कमोडच्या खुर्च्या आणि बेडपॅन धुतात तिथे, नळाला हात भाजेल असं पाणी यायचं. मी त्या पाण्यात गोळ्या टाकायचे. फस्स करून विरघळायच्या आणि वास असा उठायचा की डोळे चुरचुरायचे. गार पाण्यात गोळी रेंगाळते, वासही बेताचा. मला वाटायचं, वास जितका झोंबतो तितकं औषध जोरात. सकाळी सातला एकदा बादली करायची, झाकून ठेवायची आणि दुपारी दोनपर्यंत तीच वापरायची. एवढं जोरदार औषध मध्येच ओतून द्यायला हात धजायचा नाही. मी बेनला शिकवलं. तिने आमच्या बाजूला दुपारच्या पाळीत येणाऱ्या दोघींना शिकवलं. थंडीत गार पाण्याने बोटं बधिर व्हायची, म्हणून सगळ्यांनाच ते पटलं.

एका सकाळी बादलीचं चाक माझ्या पायाच्या बोटावरून गेलं. तोंडातून ‘आई गं’ निघालं.

‘‘हळू गो बाय. फार लागलं काय?’’

नवव्या पलंगावरून आवाज आला. गोल चेहरा, पांढरे केस, गळ्यातल्या बारीक साखळीला चांदणी. मी तिला गुजराती समजत होते.

‘‘बघतेस काय अशी? यहुदी आहे मी, बेने इस्रायल. जन्म माझगावचा, आजोळ अलिबागकडे. तुझ्यापेक्षा माझं मराठी जुनं आहे.’’

त्या दिवसापासून मी त्यांना आजी म्हणायला लागले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन वॉकर घेऊन चालायला शिकत होत्या. तरुणपणी मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होत्या. मी त्यांच्या पलंगाखाली पुसत असायचे आणि त्या वरून बोलत असायच्या. सणाला त्यांच्यात गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तो घोटून घोटून आईचे दंड कसे भरून यायचे ते सांगायच्या.

‘‘मुलगी चांगली आहे माझी,’’ एकदा म्हणाल्या. ‘‘रोज येते. पण तिच्यापाशी मला इंग्रजीत रडावं लागतं. ते काही नीट रडू येत नाही.’’

मी बोलायला लाजते. घराबाहेर माझा आवाज कोणी ऐकलेला नसेल. पण आजींशी बोलताना मी कामाच्या जागी मोठ्याने हसले होते, हे मला आठवतं.

पहिला आजारी पडला चौथ्या पलंगावरचा म्हातारा. रेल्वेत काम केलेला माणूस. मी पुसायला आले की दोन्ही पाय उचलून धरायचा आणि ‘थँक यू, लव्ह’ म्हणायचा. त्याला जुलाब सुरू झाले. दिवसातून दहा-बारा वेळा. त्याला साइड रूममध्ये हलवलं, दारावर पिवळा कागद लागला. मग सहावा पलंग. मग दहावा. नर्सा एकमेकींत ‘सी डिफ, सी डिफ’ म्हणायच्या. जंतूचं नाव आहे एवढं मला कळलं. अकरा दिवसांनी चौथ्या पलंगावरचा म्हातारा गेला. त्याची खोली पुसायला मलाच सांगितलं. मी कढत पाण्यात गोळ्या टाकल्या आणि त्या दिवशी दोन जास्त टाकल्या.

मग इन्फेक्शनची सिस्टर आली. हॉस्पिटलात कुठे कोणता आजार पसरतोय यावर नजर ठेवायची, हे तिचं काम. आयर्लंडची, पन्नाशीची, आखूड केस, हळू आवाज. तिने नर्सांच्या टेबलावर वॉर्डचा नकाशा पसरला. लॅबमधून रिपोर्ट आला की त्या पलंगावर लाल टिकली लावायची आणि खाली तारीख लिहायची. अण्णांच्या ठाण्यात भिंतीवर तालुक्याचा नकाशा होता, त्यावर घरफोड्यांच्या अशाच खुणा असायच्या. ते म्हणायचे, एक खूण काही सांगत नाही, चार झाल्या की रस्ता दिसायला लागतो.

सिस्टर आल्या-आल्या कोणाला काही विचारायची नाही. भिंतीला टेकून उभी राहायची आणि सगळ्यांच्या हातांकडे बघायची. कोण साबणाने धुतं, कोण नुसतं जेल चोळून पुढे जातं, कोण ग्लोव्हज काढायला विसरतं. मोठे डॉक्टरसुद्धा तिच्यासमोर बाह्या वर करायचे.

बेननेच मला नकाशा दाखवला. ‘‘देखो ना बेन, सब लाल टिपके अपनी साइड में हैं. सामनेवाली साइड में एक भी नहीं.’’

डॉक्टर दोन्ही बाजूंना तेच. नर्सा त्याच. जेवण एकाच गाडीतून यायचं. वेगळ्या होतो त्या फक्त आम्ही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सिस्टर माझ्या बादलीपाशी आली. हातात कागदाच्या बारीक पट्ट्या. एक पट्टी माझ्या पाण्यात बुडवून वर काढली. पट्टीचा रंग जेमतेम बदलला. मग ती लिफ्टकडच्या बाजूला गेली, त्या गोऱ्या बाईच्या बादलीत दुसरी पट्टी बुडवली. ती गडद झाली. मी दारातून बघत होते. सिस्टरने दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. अण्णा एखाद्या घराचं कुलूप न मोडता चोरी झालेली असली की जसं बघायचे, तसं.

माझ्या बादलीत काहीतरी खोट आहे हे मला त्या क्षणी कळलं. काय खोट आहे ते कळलं नाही. मॉप, गोळ्या, पाणी, की माझे हातच?

संध्याकाळी कंपनीच्या ऑफिसात माझा पहिला जबाब झाला. सुपरवायझर मध्ये बसला. साउथहॉलमध्ये वाढलेला पंजाबी, वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही वरून बोलणी बसत होती. सिस्टरने बराच वेळ काही विचारलं. तो माझ्याकडे वळला.

‘‘आंटीजी, पूछ रही हैं, सब ट्रेनिंग के हिसाब से करते हो ना? हाँ बोल दो.’’

सिस्टरचा प्रश्न लांबलचक होता आणि माझ्यापर्यंत आलेला प्रश्न एवढासा होता, हे मला समजलं. तरी मी ‘येस’ म्हटलं. त्याने एक कागद पुढे केला. ट्रेनिंग घेतल्याचा कागद, खाली माझी इंग्रजी सही. सही तेवढी मी मुलीकडून शिकले होते. वर काय लिहिलंय ते मला कधीच कळलं नव्हतं. सिस्टर कागदाकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. ते लाल झालेले होते, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. मी ते मांडीखाली घेतले.

घरी मी ह्यांना सगळं सांगितलं.

‘‘तू हो म्हणालीस ना? मग झालं,’’ हे म्हणाले. ‘‘आता जास्तीचं एक अक्षर तोंडातून काढू नकोस. आपण इथे बोलून कधी काही भलं झालंय का?’’

बेनही तेच म्हणाली. ‘‘चूप रहेना बेन. हमको क्या मालूम? गोली उनकी, बादली उनकी.’’

पुढचे पाच दिवस मी गप्प राहिले. त्या पाच दिवसांची भीती कशी लिहावी ते कळत नाही. घरी आल्यावर दारातच कपडे काढून पिशवीत भरायचे, थेट आंघोळीला जायचे. हात धुवून धुवून चिरांतून रक्त यायला लागलं. मुलीचं बाळ सहा महिन्यांचं होतं. रोज मी आल्यावर माझ्याकडे झेप घ्यायचं. मी हात मागे बांधून उभी राहायचे.

‘‘आई, तू तिला घेत का नाही? ती रडतो बघ,’’ मुलगी म्हणायची. इथेच वाढलेली, तिचं मराठी असंच आहे.

‘‘सर्दी झालीय मला,’’ मी सांगायचे.

ट्रेनमध्ये दांडा धरताना वाटायचं, आपण हात लावतोय तिथे काहीतरी मागे राहतंय. शेजारी कोणी म्हातारं माणूस बसलं की मी उठून दाराशी जायचे.

वॉर्डात सुपरवायझर रोज सकाळी स्वतः येऊन गोळ्या मोजायला लागला. गोळ्या बरोबर. बादलीवरची रेघ बरोबर. तो गेला की मी बादली करायचे. आणि दुपारी सिस्टरची पट्टी तशीच फिकी निघायची. तिच्या कपाळावर आठी पडलेली मी बघितली. तिला धागा सापडत नव्हता आणि मला तोंड उघडवत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी नववा पलंग रिकामा होता. गादी उघडी, वर प्लॅस्टिक.

‘‘गेल्या?’’ मी बेनला विचारलं.

‘‘नहीं नहीं. साइड रूम में. जुलाब.’’

मी भांडी धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि तशीच उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी उभी होते.

पाचव्या दिवशी आजींची साइड रूम पुसायची पाळी माझी होती. पिवळा मॉप, पिवळी बादली, नवा एप्रन. आत गेले. दोन दिवसांत माणूस एवढं लहान होतं हे मी कधी बघितलं नव्हतं. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. मी त्यांच्याकडे न बघता गज पुसायला लागले.

‘‘आज बोलणार नाहीस काय गो?’’

‘‘तुम्ही झोपा आजी.’’

दार उघडलं. एप्रन-ग्लोव्हज घालून सिस्टर आत आली. तिने माझ्या बादलीत पट्टी बुडवली, माझ्यासमोर धरली आणि हळू आवाजात काही विचारलं. मी पाठ केलेलं उत्तर दिलं, ‘‘नो इंग्लिश. सॉरी.’’ ती सुपरवायझरला बोलवायला वळली.

तेवढ्यात आजी इंग्रजीत काही म्हणाल्या. सिस्टर थांबली. तिने मान हलवली, हे बरोबर नाही, तुम्ही पेशंट आहात, असं काहीसं ती म्हणत असावी. आजींनी उशीवरून मान उचलली आणि परत बोलल्या. मग मला म्हणाल्या, ‘‘तिला सांगितलं, सतरा वर्षं मी लाइनी जोडल्यात. इकडचं तिकडे जसंच्या तसं. मध्ये आपलं काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. तुझ्या सुपरवायझरला ते जमत नाही, असं ती म्हणते.’’

सिस्टर बोलली. आजींनी तिचं बोलणं तिच्याच सुरात मला दिलं. ‘‘तू हे पाणी कसं करतेस ते मला पहिल्यापासून सांग. नळ सोडतेस तिथून.’’

मी सांगितलं तर ते आधी आजींच्या कानात जाणार होतं, मग सिस्टरच्या. ज्यांना मी आजारी पाडलं असेल त्यांच्याच तोंडून ते मला वदवून घ्यायचं होतं.

‘‘आजी, तुम्ही नको. दुसऱ्या कोणाला तरी बोलवू दे तिला.’’

‘‘का?’’

‘‘तुम्हाला राग येईल.’’

‘‘माझा राग माझा मी बघेन. लाइन चालू आहे तोवर बोल. मी दमले की बंद पडेल.’’

मी सांगितलं. खाली बघून सांगितलं. नळ कढत सोडते. गोळ्या टाकते, फस्स होतात, वास डोळ्यांना झोंबतो. सकाळी सातला करते, झाकते, दोनपर्यंत तीच वापरते.

आजींनी मान पुन्हा उशीवर टेकवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दोन क्षणांत मी मेले. मग त्यांनी मान वळवून सिस्टरला इंग्रजीत सांगितलं. ‘हॉट वॉटर’ मला कळलं, ‘सेव्हन’ कळलं, ‘टू ओ’क्लॉक’ कळलं. काही घातलं नाही, काही काढलं नाही.

सिस्टरने डोळे मिटले. मग त्या खोलीत कोणी बसत नाही त्या खुर्चीवर ती बसली.

‘‘वास जोरात येतो तेव्हा औषध हवेत निघून जात असतं,’’ आजींच्या तोंडून ती म्हणाली. ‘‘तुझे डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. दुपारपर्यंत बादलीत फार थोडं उरतं. हा जंतू टणक कवच करून पडून राहतो, साध्या पाण्याने मरत नाही. जेलनेही मरत नाही. गार पाणी घ्यायचं आणि ताजं करायचं.’’ मग आजी थांबल्या आणि आपल्या आवाजात म्हणाल्या, ‘‘मीही गरमच घेतलं असतं गो. हे माझं, तिचं नाही.’’

सिस्टरने विचारलं, डब्यावर लिहिलंय ते वाचलं नाहीस का? कागदावर सही आहे.

गरम पाण्याचं सांगणं त्यापुढे सोपं होतं. ‘‘मला वाचता येत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘इंग्रजी अजिबात नाही.’’

‘‘अजून कोण असं पाणी करतं?’’

‘‘तिघीजणी. मी शिकवलं. त्यांची चूक नाही.’’ मी तिघींची नावं सांगितली.

सिस्टर उठली. मी तिला थांबवलं. आजवर मी कोणाला असं थांबवलं नव्हतं.

‘‘आजी, तिला विचारा. चौथ्या पलंगावरचे ते, ते माझ्यामुळे गेले का? आणि तुम्ही...’’

‘‘हे जोडू? नक्की?’’

‘‘जोडा.’’

त्यांनी विचारलं. सिस्टरने दिलेलं उत्तर लहान होतं. आजींनी ते तेवढंच लहान ठेवलं. ‘‘मला माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही. मी तुला खोटं सांगणार नाही.’’

मग आजींनी डोळे मिटले. ‘‘लाइन बंद,’’ म्हणाल्या. ‘‘जा आता. गार पाणी आण आणि परत पूस ही खोली.’’

त्याच संध्याकाळी कंपनीने मला घरी बसवलं. चौकशी संपेपर्यंत बिनपगारी. बेन लॉकरपाशी भेटली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

‘‘मेरा नाम क्यूं लिया?’’

‘‘बेन, नाव घेतलं नसतं तर तुझी बादली तशीच राहिली असती.’’

ती लॉकर लावून निघून गेली. पुढे कित्येक आठवडे ती माझ्याशी बोलली नाही.

तीन आठवडे मी घरात बसले. दाराची बेल वाजली की वाटायचं पोलीस आले. हवालदाराची मुलगी असून मी पोलिसांना भ्यायले. हे काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. बाळाला मात्र मी घ्यायला लागले. आधी टॉवेल मध्ये धरून, मग तसंच.

तीन आठवड्यांनी मला परत बोलावलं. सिस्टरने या वेळी मराठी बोलणारी दुभाषी आणली होती. सिस्टरने नकाशा उघडला. माझ्या बाजूला शेवटची टिकली दोन आठवड्यांपूर्वीची होती. तिने सांगितलं की बादली हा एक रस्ता होता, एकटा नव्हता. कमोडच्या खुर्चीची खालची बाजू कोणीच धूत नव्हतं. नर्सांना वाटायचं डोमेस्टिक धुतात, आम्हाला वाटायचं नर्सा धुतात. कितीजण साबणाऐवजी जेलवर भागवत होते. अँटिबायोटिकही गरजेपेक्षा जास्त दिलं जात होतं, त्याने पोटातले चांगले जंतू मरतात आणि या जंतूला जागा होते. माझ्या मनावरचं ओझं हलकं करायला ती हे सांगत नव्हती. तिने सगळं एकाच सुरात सांगितलं, माझी बादलीसुद्धा.

मग तिने विचारलं, काय असतं तर तुला कळलं असतं?

‘‘रंग,’’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भांडी धुवायच्या खोलीत गार नळाला निळी पट्टी लागली आणि गोळ्यांच्या डब्यालाही तशीच निळी पट्टी. निळा डबा, निळा नळ. बादलीवर घड्याळाचं चित्र चिकटवलं, पाणी केव्हा केलं ती वेळ त्यावर काट्यासारखी रेघ ओढून दाखवायची. आता कोणाला वाचावं लागत नव्हतं.

आजी दोनदा बऱ्या होऊन दोनदा परत आजारी पडल्या. तो आजार उलटतो. मार्चच्या शेवटी घरी गेल्या. व्हीलचेअरमध्ये बसवताना मुलीला बाहेर थांब म्हणाल्या आणि माझा चिरा पडलेला हात हातात घेतला. ‘‘रागावले होते मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चार दिवस रागावले होते. तुला सांगायचं राहिलं होतं, म्हणून सांगितलं.’’ हात मात्र लगेच सोडला नाही.

अण्णांच्या प्रत्येक केसच्या शेवटी एक आरोपी असायचा. त्याला बेड्या पडल्या की आम्हा पोरांना बरं वाटायचं आणि आम्ही जेवायला जायचो. माझ्या केसमध्ये तसं झालं नाही. गरम पाण्याबद्दल मी स्वतःला माफ केलं आहे, कारण मला माहीत नव्हतं. त्या पाच दिवसांबद्दल अजून केलेलं नाही. पट्टी फिकी निघाली हे मला दिसत होतं आणि मी ‘येस’ म्हणाले होते. आजींच्या पोटात तो जंतू त्या पाच दिवसांत गेला की आधीच, ते लॅबलाही सांगता येत नाही. कधी कधी नातीचं डोकं हातात घेतल्यावर ते एकदम आठवतं आणि मी माझे हात बघते. दवाखान्यातला तपास हा सांगणाऱ्यावर चालतो, एवढं मी शिकले. नकाशावरची टिकली पलंग दाखवते, पण नळापाशी काय होतं ते नळ सोडणारीलाच माहीत असतं, आणि ती भ्यालेली असते.

सिस्टरला हे माझ्याआधी माहीत होतं. म्हणूनच तीन आठवड्यांच्या पगारासाठी ती माझ्यापेक्षा जास्त भांडली. कंपनी म्हणत होती, चूक हिची, पैसे कसले? सिस्टरने लेखी विचारलं, खरं सांगणारीचा पगार कापलात तर पुढच्या वेळी मला कोण सांगेल? एप्रिल गेला, मे गेला. मी आशा सोडली होती. ती सोडत नव्हती. दर महिन्याला वॉर्डात आली की मला विचारायची, ‘मनी?’ आणि मी मान हलवायचे.

जूनच्या पगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ जास्त होती. मला आकडे वाचता येतात. तीन आठवड्यांचे पूर्ण पैसे होते, एक पेनी कमी नाही. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवत होते तेव्हा बेन लॉकरपाशी आली. किती तरी दिवसांनी माझ्या इतकी जवळ उभी राहिली.

‘‘दिखाओ,’’ म्हणाली.

मी दाखवली. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, दोनदा वाचली.

‘‘पूरा दिया?’’

‘‘पूर्ण.’’

तिने चिठ्ठी परत दिली, इकडेतिकडे बघितलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, लाँड्रीतून धुतलेले मॉप कमी येतात तेव्हा ती साइड रूमचा पिवळा मॉप वॉर्डातही फिरवते. वर्षभर फिरवते आहे.

‘‘सिस्टर को बोलना है,’’ ती म्हणाली. ‘‘तुम साथ में चलोगी, बेन?’’

आम्ही दोघी एप्रन बांधून वर सिस्टरकडे गेलो.